अठरा डोक्यांची यादी

टोपीवाले आकडा कधी एकटा सोडत नसत. गिऱ्हाइकाच्या डोक्याभोवती टेप फिरवली, अंगठ्याच्या नखानं गाठ चाचपली, की एका श्वासात बोलून मोकळे व्हायचे, "पोस्टमन सत्तावन्न." आधी नाव, लगेच माप, मध्ये खोकलासुद्धा नाही. तेवढ्यात आतून कुणी चहाला हाक मारली तर टेप सोडायचे आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. "नुसता आकडा म्हणजे बेवारशी," ते म्हणायचे. "भेटेल त्याच्या मागे लागतो."

टेप त्यांच्या वडिलांच्या वेळची होती. तिच्यावरचे आकडे केव्हाच पुसले गेले होते, पण दर सेंटीमीटरला दोऱ्याची बारीक गाठ होती आणि दर दहाला एक जाड गाठ. त्यामुळे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून समोरचं गिऱ्हाईक धुरकट दिसायला लागलं तरी टोपीवाल्यांचं काही अडत नव्हतं. माणूस आवाजावरून ओळखायचा आणि डोकं बोटांवरून. चाळीस वर्षांत त्यांची टोपी कुणाला घट्ट झाली नव्हती की सैल झाली नव्हती, आणि हे ते स्वतः सांगत नसत. गावच सांगत असे.

अशा घरात आपला हा गडी जावई होऊन आला. तो एका सरकारी खात्यात होता, आणि खात्याचं काम एकच, कोणत्या चौकातून किती गाड्या जातात ते मोजायचं. माणूस सरळ, हुशार, जरा जास्तच नीटनेटका. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षांत सासरे त्याला एकही वाकडा शब्द बोलले नव्हते. हेच त्याचं दुखणं होतं. तो दारात दिसला की सासरे उठून उभे राहायचे. "या जावईबापू, बसा. प्रवास बरा झाला ना?" दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या माणसाचा प्रवास बरा न व्हायला काय झालं होतं? तेच सासरे मुलीला फाडफाड बोलायचे, बायकोशी दिवसातून तीनदा भांडायचे, दुकानातल्या मांजराचाही उद्धार करायचे, आणि ती तिघंही त्यांच्या अंगाखांद्यावर वाढल्यासारखी निर्धास्त वावरायची. जावई मात्र सगळ्यात चांगल्या खुर्चीत बसून पाहुण्यासारखा चहा प्यायचा. या माणसाच्या कधीतरी उपयोगी पडावं, एवढी एकच इच्छा त्याच्या मनात घर करून बसली होती.

ती संधी अग्निशमन दलाच्या बँडनं आणून दिली. नव्या अग्निशमन केंद्राचं उद्घाटन रविवारी व्हायचं होतं, महिनाभरानं, आणि बँडच्या अठरा जणांना नव्या टोप्या हव्या होत्या. अठरा जण मापं द्यायला आले ते हुद्द्याप्रमाणे रांग लावून. सगळ्यात पुढे बँडमास्तर, मागोमाग ढोलवाला, मग कर्णेवाले, आणि अगदी शेवटी त्रिकोण वाजवणारा. हा गृहस्थ पूर्ण कार्यक्रमात अकरा वेळा टिंग करायचा आणि उरलेला वेळ मनातल्या मनात मोजत उभा राहायचा.

एरवी मापं लिहून घ्यायचं काम मुलीचं. पण ती त्या दिवशी कामावर होती आणि सासूबाई डोळ्यांच्या दवाखान्यात कागदपत्रांच्या मागे होत्या, कारण पुढच्याच आठवड्यात टोपीवाल्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. जावयानं लॅपटॉप उघडला. "बाबा, मी संगणकावर घेतो."

"वहीत लिहिलं तरी चालेल हो," सासरे म्हणाले. मग जावयाचा मान आठवून लगेच म्हणाले, "पण तुम्ही म्हणताय तर संगणकावरच."

आता जरा त्या संगणकाबद्दल सांगायला हवं, कारण घोडं तिथंच पेंड खाणार होतं. जावई रोज ज्या भाषेत काम करायचा तिचं नाव आर. एवढंच, एक अक्षर. या भाषेत आकड्यांची रांग करता येते आणि रांगेतल्या प्रत्येक आकड्याला नाव देता येतं. ते द्यायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे नाव आणि आकडा एकदमच लिहायचे, बँडमास्तर = ६२, ढोलवाला = ६०, असे जोडीजोडीनं. मग तो आकडा कुठंही सरकवा, नाव त्याला धरून जातं. दुसरा रस्ता म्हणजे आधी नुसत्या आकड्यांची एक रांग करायची, नावांची वेगळी रांग करायची, आणि शेवटी नावं आकड्यांवर ठेवून द्यायची, टोप्या ठेवाव्यात तशी. पहिलं नाव पहिल्या आकड्यावर, दुसरं दुसऱ्यावर. संगणक त्यात काही विचारत नाही. ज्याच्या डोक्यावर जे नाव येईल ते त्याचं.

सासरे जोडीनंच सांगत होते. "बँडमास्तर बासष्ट. ढोलवाला साठ." जावयानं ऐकलं आणि नावं एका रांगेत टाकली, आकडे दुसऱ्या. का, तर स्वच्छ दिसतं म्हणून. आणि खरं सांगायचं तर त्याला सवयच नव्हती. चौकातून गेलेल्या गाडीला कोण नाव ठेवतं?

मापं झाली, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी टोपीवाल्यांना बजावलं की पंधरा दिवस वाकायचं नाही, वाफेजवळ जायचं नाही, दुकानात पाऊल टाकायचं नाही. टोप्या करायच्या सासूबाईंनी आणि मुलीनं. दोघींचा हात चांगला होता, पण बँडमधल्या कुणाला त्या ओळखत नव्हत्या. मुलीनं बँडमास्तरांना पाहिलं होतं ते लांबून, मिरवणुकीत, आणि तेही जुन्या टोपीसकट.

"जावईबापू, एक काम कराल का?" सासूबाई म्हणाल्या. "यादी लहान मापापासून मोठ्यापर्यंत लावून द्या. एक साचा खाली काढला की त्या मापाच्या सगळ्या टोप्या एकदम होतात. सारखे ते लाकडी ठोकळे चढवायचे-उतरवायचे म्हणजे कंबर जाते माझी."

जावयाला आभाळ ठेंगणं झालं. हे तर एका शब्दाचं काम. त्यानं आकड्यांची रांग घेतली, चढत्या क्रमानं लावली, आणि मग तिच्यावर नावांची रांग ठेवून दिली. नावांची रांग होती तशीच होती, हुद्द्याप्रमाणे. यादी छापली, तिला निळी चौकट केली, आणि सासूबाईंच्या हातात दिली. पहिली ओळ होती बँडमास्तर, बावन्न. शेवटची ओळ होती त्रिकोणवाला, बासष्ट.

"किती सुबक," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या वहीला नुसते चहाचे डाग."

दोन आठवडे मायलेकी राबल्या. कापड भिजवलं, वाफवलं, साच्यावर ताणलं, कडा शिवल्या. प्रत्येक टोपीच्या आत चामड्याची पट्टी, आणि पट्टीवर सोनेरी ठसा, ढोलवाला, बासरीवाला, झांजवाला. टोपीवाले अंथरुणातून रोज एकच प्रश्न विचारायचे. "मापाबरहुकूम चाललंय ना?" आणि आतून रोज एकच उत्तर यायचं. "एक दोरा इकडचा तिकडे नाही."

गुरुवारी जावई अठरा खोकी घेऊन केंद्राच्या तालीमखोलीत गेला. खोलीभर पाण्याच्या रबरी नळ्यांचा वास होता. प्रत्येकानं आपल्या नावाचं खोकं घेतलं, टोपी काढली आणि डोक्यावर ठेवली.

बँडमास्तरांचं डोकं म्हणजे डोकंच होतं. त्यावर ती टोपी बशीतली कपाएवढी जागा व्यापून बसली होती. ढोलवाल्यानं आपली दोन्ही हातांनी खाली ओढली तर ती पटकन वर उडाली. बासरीवाल्याची भुवयांपर्यंत आली. त्रिकोणवाल्याची तर थेट नाकावर, आणि आतून त्याचा बारीक आवाज आला, "लाइट गेले का?"

दुसरं कुठलंही गाव असतं तर टोप्या टोपीवाल्याच्या अंगावर फेकल्या गेल्या असत्या. पण इथं चाळीस वर्षांची पुण्याई होती. टोपी चुकली असेल हा विचार अठरांपैकी एकाच्याही मनात आला नाही. सगळे गुपचूप आपापलं डोकं चाचपायला लागले.

"दोन वर्षांपूर्वी मला टोपीवाल्यांचीच टोपी बसत होती," ढोलवाला हळूच म्हणाला. "सूज असेल का?"

"माझी बायको म्हणतच होती," बँडमास्तर खालच्या आवाजात म्हणाले. त्यांना गेल्या वर्षी पदक मिळालं होतं. "पदक मिळाल्यापासून तुमच्या डोक्यात हवा गेली, असं ती म्हणते. मला वाटायचं बोलण्याची पद्धत आहे."

बासरीवाल्यानं तर आपलं डोकं आटत चाललंय असं धरूनच टाकलं आणि संध्याकाळपासून दूध दुप्पट करायचं ठरवलं. एवढ्यात झांजवाला पुढे आला. त्याची टोपी मात्र अशी बसली होती की बघत राहावं. रांगेत तो नववा, माप सत्तावन्न, आणि चढत्या क्रमातही नववा आकडा सत्तावन्नच होता. नशीब असं एखाद्यावर मेहेरबान होतं. "हे बघा," तो मान डावी-उजवीकडे फिरवत म्हणाला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? माप अगदी अचूक आहे. तुम्हीच स्वतःकडे जरा लक्ष द्या."

जावयाला काही उलगडेना. यादी त्यानं स्वतः छापली होती, टोप्या यादीप्रमाणे होत्या.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांची मुदत संपली. काळा चष्मा लावून टोपीवाले पंधरा दिवसांनी दुकानात येऊन बसले, आणि पहिलं गिऱ्हाईक आलं ते बँडमास्तर, बायकोसकट. ते तक्रार करायला आले नव्हते. ते माफी मागायला आले होते.

"टोपीला दोष नाही," ते म्हणाले. "डोकंच वाढलंय माझं. रविवारी तुमच्या टोपीचा अपमान होईल म्हणून आधीच सांगायला आलो."

"मी सांगत होते," बायको म्हणाली.

टोपीवाल्यांनी उठून त्यांच्या डोक्यावरची टोपी हातानं चाचपली. मग तीच टोपी उलटी करून पट्टीवरचं नाव बोटानं वाचलं. टेप काढली, डोक्याभोवती फिरवली. "बँडमास्तर बासष्ट," ते म्हणाले, आणि खाली बसले. "मी त्या दिवशी किती सांगितलं होतं?"

सासूबाईंनी निळ्या चौकटीचा कागद आणला. "बावन्न आहे हो."

"मला बासष्टच आठवतंय." टोपीवाले चांगल्या खुर्चीत बसलेल्या जावयाकडे वळले. "जावईबापू, मी बावन्न म्हणालो?"

आणि जावई, अगदी प्रामाणिकपणे, कागदाकडे बघून म्हणाला, "यादीत बावन्नच आहे, बाबा."

"मग तसंच म्हणालो असेन." त्यांनी टेप गुंडाळली. "एक जाड गाठ चुकली. सबंध दहा. आणि वर आठवणही खोटं बोलायला लागली."

दुपारपर्यंत ढोलवाला येऊन गेला, बासरीवाला येऊन गेला, आणि त्रिकोणवाल्याला त्याची आई घेऊन आली. प्रत्येकजण हात जोडून आपल्या डोक्याबद्दल दिलगिरी व्यक्त करत होता आणि टोपीवाले प्रत्येक वेळी आणखी थोडे खचत होते. शेवटी ते बायकोला म्हणाले, "हात गेला माझा. लोक चांगले आहेत म्हणून स्वतःचं डोकं वाईट म्हणतायत. लोकांनी तोंडावर म्हणायच्या आत आपण थांबलेलं बरं." जुनं लाकूड घेणाऱ्याला त्यांनी निरोप धाडला. उद्या चार वाजता ये आणि सगळे साचे घेऊन जा.

सासूबाई भांडल्या नाहीत. चाळीस वर्षांत त्या पहिल्यांदाच भांडल्या नाहीत, तेव्हा प्रकरण किती गंभीर आहे ते जावयाला कळलं.

संध्याकाळी घरी येऊन त्यानं लॅपटॉप उघडला तो सासऱ्यांचं समाधान करायला. म्हटलं, कुठं किती फरक पडला ते बघू, कदाचित तीन-चार चुका असतील, आकडेशास्त्रानं माणसाला धीर देता येतो. त्यानं त्या दिवशी घेतलेली मूळ रांग काढली. तिच्यात पहिला आकडा बासष्ट होता.

तो बराच वेळ त्या बासष्टकडे बघत बसला. मग त्यानं नावांची रांग शेजारी ठेवली आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत गेला. बँडमास्तर बासष्ट. ढोलवाला साठ. त्रिकोणवाला बावन्न. सासऱ्यांची एक गाठ चुकली नव्हती. आकडे रांगेतून उठून दुसरीकडे जाऊन बसले होते, आणि यानं नावं मात्र जुन्याच खुर्च्यांवर ठेवून दिली होती. नाव एकाचं, डोकं भलत्याचं.

बायको मागून बघत होती. ती टोपीवाल्याची मुलगी, तिला समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे बाबा बरोबर होते."

"अठराच्या अठरा."

"आणि तू सकाळी त्यांच्या तोंडावर सांगितलंस की बावन्न म्हणाले."

"यादीत होतं तसं."

"यादी कुणाची होती?" ती समोर येऊन बसली. "जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात ते उगीच नाही. आता सांगणार कधी?"

जावयाच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला लाज वाटावी असं होतं. टोप्या अठरा आहेत, डोकीही अठराच आहेत, नुसती आपसांत बदलून द्यायची की झालं. हळूच केंद्रावर जाऊन बँडमास्तरांना सांगता येईल की खोकी भरताना घोळ झाला. सासऱ्यांचा डोळा नुकताच उघडलाय, वयही झालंय, दुकान आज ना उद्या बंद होणारच. पण मग साचे चार वाजता जाणार ते जाणारच. आणि आपला हात गेला असं समजून तो माणूस उरलेलं आयुष्य काढणार. वड्याचं तेल वांग्यावर काढणारे पुष्कळ असतात, पण इथं वांगं पुढे होऊन म्हणत होतं की तेल माझंच.

दुसरीकडे, सांगितलं तर काय उरतं? तीन वर्षांत ज्या माणसानं आपल्याला घरातलं मानलं नाही, तो हे ऐकून दारातही उभं करणार नाही. प्रवास बरा झाला का, एवढंही विचारणार नाही.

"मी नाही सांगणार," बायको म्हणाली. "मी सांगितलं तर ते मला ओरडतील आणि तू सुटशील."

शनिवारी सकाळी जावई दुकानात गेला. सासरे साचे पुसून जमिनीवर मांडत होते, बावन्नपासून बासष्टपर्यंत. शेवटचं पुसणं म्हणून फारच मन लावून पुसत होते. त्याला पाहून ते उठून उभे राहिले.

"या जावईबापू, बसा."

"बसत नाही, बाबा." रात्रभर घोकलेलं भाषण त्याला आठवेना. "तुमचं माप चुकलं नाही. माझं चुकलं. मी आकडे लहान-मोठे लावले आणि नावं लावायची तशीच राहिली. तुम्ही जोडीनं सांगत होता, मी त्यांना वेगळं केलं. सगळ्यांचे आकडे सगळ्यांच्या मागे लागलेत."

आतून सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्या मागे बायको.

"बँडमास्तर मी किती सांगितला?" टोपीवाल्यांनी विचारलं.

"बासष्ट."

टोपीवाल्यांनी काळा चष्मा काढून डोळे मिटले. "ढोलवाला साठ."

"हो."

"थोरला कर्णेवाला अठ्ठावन्न. धाकटा कर्णेवाला साठ, भावापेक्षा मोठं डोकं, मी तेव्हाच म्हणालो होतो."

"म्हणाला होता. हो."

ते बोलत गेले आणि जावई लॅपटॉपवर मूळ रांग बघत हो म्हणत गेला. टोपीवाले ना थांबत होते ना आठवत होते. नाव घेतलं की माप त्याच्या मागून आपोआप बाहेर यायचं. झांजवाला सत्तावन्न. बासरीवाला चोपन्न. "त्रिकोणवाला बावन्न," टोपीवाले म्हणाले, आणि अठरावं हो सासूबाईंनीच म्हटलं, न बघता.

टोपीवाल्यांनी डोळे उघडले. आधी आपल्या हातांकडे पाहिलं, पालथे केले, उताणे केले. मग जावयाकडे पाहिलं.

"गाढवा," ते म्हणाले.

"अहो," सासूबाई घाईनं म्हणाल्या, "जावई आहेत ते."

"माहीत आहे कोण आहे ते. गाढव आहे. अरे, इतका शिकलास, आणि माणसाचं डोकं आणि माणसाचं नाव सुटं करायचं नसतं एवढं तुला कुणी शिकवलं नाही? रात्रभर झोपलो नाही मी. बायको भांडायची थांबली माझी. काय तो निळा चौकोन, काय ती छपाई, आणि आत सगळा अंधार. आणि वर मला सांगतोस बावन्न? मी बावन्न म्हणेन त्या भोपळ्याला?"

हे पुष्कळ वेळ चाललं. त्यात जावयाच्या खात्याचा उद्धार झाला, चौकातल्या गाड्यांचा झाला, आर या भाषेचाही झाला, तिला पुरतं नावसुद्धा धड नाही म्हणून. मांजर उठून आत गेलं. सासूबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, आणि बायको भिंतीकडे तोंड करून हसत होती. जावई मान खाली घालून ऐकत होता. त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर त्याला इतकं हलकं तीन वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

मग सगळे मिळून केंद्रावर गेले. टोपीवाल्यांनी अठरा जणांना रांगेत उभं केलं, सगळ्या टोप्या टेबलावर ओतल्या, आणि एकेक टोपी बोटांनी चाचपून हव्या त्या डोक्यावर ठेवत गेले. पाव तासात काम झालं. बँडमास्तरांची टोपी बसली तेव्हा ते बायकोकडे विजयी मुद्रेनं वळले.

"म्हणजे माझ्या डोक्यात हवा नव्हती."

"हवा आहेच," ती म्हणाली. "तिचा टोपीशी संबंध नाही."

त्रिकोणवाल्याला पहिल्यांदाच खोली नीट दिसली. बासरीवाल्यानं दूध पुन्हा निम्मं करायचं ठरवलं. झांजवाला तेवढा हिरमुसला, कारण सगळ्यांत त्याची एकट्याचीच टोपी बदलली नाही आणि आता त्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

आतली नावं मात्र चुकीचीच राहिली. बँडमास्तरांच्या टोपीत त्रिकोणवाल्याचा सोनेरी ठसा होता, आणि ही गोष्ट त्यांना अजिबात पसंत नव्हती. सतरा पट्ट्या उसवून, नव्या कापून, ठसे मारून पुन्हा शिवायच्या होत्या, आणि रविवार उद्यावर आला होता. टोप्या पुन्हा दुकानात आल्या. टोपीवाल्यांनी जावयाला जमिनीवर साच्यांच्या मधोमध बसवलं आणि त्याच्या हातात उसवणी दिली.

"मला येत नाही, बाबा."

"ते दिसलंच. बस आणि उसव."

चारला दोन मिनिटं कमी असताना जुनं लाकूड घेणारा हातगाडी घेऊन दारात उभा राहिला. जमिनीवर मांडलेल्या साच्यांवरून त्यानं नजर फिरवली.

"हेच ना? उचलू?"

"हात लावू नकोस," टोपीवाले ठसा तापवत म्हणाले. "दुकान चालू आहे."

"काल तर म्हणाला होता थांबणार म्हणून."

"कालचं काल. आता नाही थांबता येत. याला अजून काही म्हणजे काही येत नाही."

लाकूडवाल्यानं वाकून बघितलं. इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस, नाकावर घाम, मांडीवर उलटी टोपी, बोटाला दोन ठिकाणी टोचलेलं, आणि चामड्याच्या पट्टीतला एक टाका निघता निघत नव्हता.

"नवा कारागीर ठेवला काय?"

"कारागीर?" टोपीवाल्यांनी काळ्या चष्म्यावरून जावयाकडे पाहिलं. "कारागीर असता तर सकाळीच हाकलला असता. घरचा आहे, म्हणून ठेवून घेतलाय."

जावयानं मान आणखी खाली घातली आणि उसवत राहिला. पुढचे चार-पाच टाके त्याला नीट दिसलेच नाहीत.